पाटाच्या काठाने: पाच फेऱ्या, वीस किलोमीटर

आकडे आधी सांगून टाकते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाच फेऱ्या, एकूण 20 किलोमीटर. तुमच्यातले काही जण एवढं एका सकाळी उरकून नाश्त्याला घरी पोचतात, माहीत आहे. पण आमच्या टोळीत पाच वर्षांचा धाकटा आहे, नऊ वर्षांची मोठी आहे आणि बहात्तरीतले अण्णा, म्हणजे माझे सासरे, आहेत. नवरा आहे, पण तो निम्मा वेळ धाकट्याला खांद्यावर घेऊन चालतो, म्हणून त्याचे किलोमीटर मी दुप्पट धरते.

पट्टा दोन भागांचा. एक, नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वरचं पक्षी अभयारण्य, चापडगावच्या बाजूने. दुसरा, गोदावरी उजवा कालवा, कोपरगाव तालुक्यात अण्णांच्या गावाजवळ. नकाशावर दोन्ही लांब दिसतात, पण पाणी एकच. दारणा आणि गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी नदीने नांदूरला येतं, गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यापाशी अडतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं. हे ठाऊक असूनही पहिली फेरी आम्ही फसवलीच.

फेरी 1. 2 किलोमीटर, अपुरी. दिवाळीनंतरचा रविवार, सगळे उत्साहात. काठावर पोचलो तर पाट तुडुंब. वरून संथ वाटतं, पण कडेचं गवत बघितलं की वेग कळतो. पाण्याखाली ते सगळं एका दिशेला आडवं झालेलं असतं. आमच्या तुकड्याला काँक्रीटचं अस्तर आहे. उतार गुळगुळीत, शेवाळलेला, धरायला काही नाही. मोठं माणूस पडलं तरी वर येणं अवघड. धाकट्याचा हात सोडायची सोय नाही, आणि हात धरलेला धाकटा दर दहा पावलांनी बसकण मारतो. अर्ध्या तासात परत फिरलो. घरी अण्णा एवढंच म्हणाले, “सूनबाई, पाटकऱ्याला इचारलं व्हतं का? रोटेशन चालूय.”

पाटाचं पाणी बघणारा तो पाटकरी. त्याला नाही विचारलं. फिरायला जाताना हवामान बघतात, पाटबंधारे खात्याचं आवर्तन (तेच रोटेशन, म्हणजे कालव्यात पाणी सोडायची पाळी) कोण बघतं? पण पाटावर ऊन-पावसाच्या आधी तेच बघायला हवं. रब्बीला एखाद-दुसरं आवर्तन, उन्हाळ्यात आणखी, तेही धरणात काय शिल्लक आहे त्यावर. मधले दिवस कालवा कोरडा. म्हणजे एकाच काठावर दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्यातली आज कुठली मिळणार हे पाटकरी सांगतो.

फेरी 2. 3 किलोमीटर, अभयारण्य. पाटाचा धसका घेऊन डिसेंबरात इकडे गेलो. निफाडची थंडी म्हणजे काय ते नव्याने कळलं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातमीत का असतो, तेही. मुलांना दोन-दोन स्वेटर, कानटोप्या, आणि तरी मोठीचे ओठ निळे. शेवटी चहाच्या टपरीवर शेकोटी मिळाली.

लहान मुलांना पक्षी दाखवायची माझी युक्ती: नावं मागून, चोच आधी. चमच्या चमचा घेऊन आलाय. थापट्या बदकाकडे थापी आहे. शराटीकडे विळा. धाकट्याने अर्ध्या तासात तीन ‘हत्यारं’ ओळखली आणि चौथं मागायला लागला. वारकरी पक्षी मात्र अण्णांनी ओळखला. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. “बुक्का नाही, गंध दिसतंय,” म्हणाले. शेकड्यांनी होते, आणि वरून दलदली भोवत्या, हा शिकारी पक्षी, घिरट्या घालत आला की सगळी दिंडी फडफडत पाण्यावर पळायची.

गावातले तरुण इथे वाटाडे म्हणून काम करतात, त्यांच्याकडे मोठी दुर्बीण असते. एक जण जरूर घ्या. पाणथळ जागेत पक्षी लांब असतात, आणि नुसत्या डोळ्यांना ते ठिपकेच दिसतात.

एक गोष्ट मला तिथेच उलगडली. ब्रिटिश काळात हा बंधारा झाला तो शेतीसाठी, पक्ष्यांसाठी नव्हे. पण दरवर्षी पुराबरोबर गाळ येत राहिला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, पाणकणीस माजलं. सिंचनाच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटा. बदकांच्या हिशेबात तीच चिखल-भाकरी. 1986 मध्ये अभयारण्य झालं, 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तिकडे ऊस भिजवायला अडवलेल्या पाण्यावर इकडे सैबेरियाकडचे पाहुणे उतरतात. हे मोठीला सांगितल्यावर तिचा प्रश्न: “मग गाळ काढायचा की ठेवायचा?” अण्णा शेतकरी, मी पक्षीवेडी. दोघांनीही उत्तर दिलं नाही.

फेरी 3. 5 किलोमीटर, कोरडा पाट. ही सर्वांत छान, म्हणून थोडी सविस्तर. आवर्तन बंद होऊन तीन दिवस झाले होते (अण्णांनी फोन करून खात्री केली). तळाच्या खोलगट जागांत डबकी उरतात आणि त्यात अडकलेले मासे. मग सभा भरते: गायबगळे, ढोकरी, राखी बगळा, दोन खंड्या. अभयारण्यात दुर्बिणीतून बघितलेलं इथे वीस पावलांवर. मोठीने बसून एका खंड्याने पाण्यात मारलेले सूर मोजले: नऊ सूर, चार मासे. वहीत लिहून ठेवलेत.

मुलांना तळात उतरायचं होतं. नाही म्हणजे नाही. वरून वाळलेला दिसणारा गाळ आतून गिळगिळीत असतो, आणि पाणी कधी सुटेल ते आपल्याला विचारून सुटत नाही. त्याऐवजी किलोमीटरचे दगड शोधायचा खेळ लावला. दगड सापडला की एक चिक्की. नवऱ्याच्या मते याच वेगाने चिक्कीचं बजेट बुटांपेक्षा जास्त होईल.

बुटांवरून आठवलं. काठावर वेड्या बाभळी आहेत, सँडल घालू नका. आमच्या धाकट्याच्या तळव्यातला काटा चिमट्याने काढताना अख्ख्या शिवाराने ऐकलं. आणि गाडीरस्ता बहुतेक एकाच काठाने असतो. दुसऱ्या काठाला लागलात की पूल येईपर्यंत काटेकुटे तुडवत जावं लागतं. आम्ही गेलो. पाऊण तास.

फेरी 4. 4 किलोमीटर, पुन्हा अभयारण्य. जानेवारी. धुकं नऊपर्यंत हललं नाही. दिसलं थोडं, ऐकू पुष्कळ आलं. मग पडदा उचलल्यासारखं धुकं वर गेलं आणि शेतात क्रौंचांची रांग. मी रडले, हे नवऱ्याने सगळ्यांना सांगितलंच आहे, म्हणून लपवत नाही.

फेरी 5. 6 किलोमीटर, पाट चालू असताना. मुद्दाम. या वेळी नियम ठरवून: पाण्याच्या बाजूला मोठी माणसं, मुलं शेताच्या बाजूला, धाकटा अण्णांच्या हाताला (अण्णांचा हात तो सोडत नाही, माझा सोडतो). निघायचं आठनंतर, परतायचं पाचच्या आत. कारण ऊसतोड सुरू होती, आणि आमच्या भागात ऊस म्हटला की बिबट्या धरूनच चालायचं. तोड चालू असली की तो जागा बदलतो. उसाला लागून असलेल्या तुकड्यात कुणीही पुढे पळायचं नाही, आणि सगळ्यांनी मोठ्याने बोलायचं. हा एकच नियम मुलांनी तक्रार न करता पाळला.

मोठीने वडाचं पान पाण्यात सोडलं आणि त्याच्याबरोबर चालायचं ठरवलं. दोनशे पावलांत पान पुढे निघून गेलं. धाकटा हिरमुसला. अण्णा म्हणाले, “जाऊ दे, चारीला वळंल. आपल्या मक्यात भेटंल.” पुढचे दोन किलोमीटर तो खांद्यावर न बसता चालला, प्रत्येक चारीच्या, म्हणजे पाटातून शेताकडे जाणाऱ्या छोट्या कालव्याच्या, तोंडाशी वाकून बघत.

पुढची फेरी उन्हाळी आवर्तन सुटल्यावर, पहाटेऐवजी सकाळी आठ ते दहा, दोन बाटल्या पाणी जास्त. पाटकऱ्याचा नंबर आता माझ्या फोनमध्ये आहे. कालच विचारलं. म्हणाले, “ताई, अजून वरूनच निरोप नाही.”