पिवळं जाकीट

युद्धाविरुद्धच्या मोर्चात फिरती शौचालयं किती असावीत, यावर माणसं पाऊण तास बोलू शकतात. लंडनच्या एका चर्चच्या तळघरात बसून मी ऐकलंय. बाहेरगावच्या बस कुठे थांबणार, व्हीलचेअरवाले कुठून सामील होणार, स्वयंसेवकांची पिवळी जाकिटं कोण मोजून देणार आणि कोण मोजून परत घेणार. माझ्या वाट्याला आलेलं जाकीट गुडघ्यापर्यंत येत होतं.

1986 च्या कायद्यानं इथे मोर्चाची लेखी सूचना सहा दिवस आधी द्यावी लागते. मार्गावर अटी घालायचा अधिकारही पोलिसांचाच. मग मोर्चाच्या दिवशी तेच पोलीस गल्ल्या बंद करून वाट मोकळी करतात. एकानं तर मला विचारलं, चहा मिळाला का? मी उगाचच दोन पावलं मागे सरले.

राजापूरला काकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "पोलीस वाट करून देतात? मग मोर्चा कसला गो तो, शिमग्याची पालखीच की!"

तिनं हसावं. एप्रिल 2023 मध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणाला अडवायला ती बारसूच्या सड्यावर, म्हणजे गावाजवळच्या उघड्या कातळमाळावर होती. जमावबंदी, तापलेला कातळ, डोक्यावर पदर, गाड्यांपुढे आडव्या पडलेल्या बायका, मग अश्रुधूर. आमच्याकडे असलं नियोजन कुठलं, असं मी बैठकीत फुशारकीनं सांगितलंही. चुकलंच. गुरांना पाणी कोण दाखवणार, पोरं कुणाकडे, रात्री सड्यावर कोण थांबणार, सगळं वाडीवाडीत ठरलेलं होतं. फक्त कागदावर नव्हतं.

बैठकीतल्या एका आजोबांनी 15 फेब्रुवारी 2003 चा मोर्चा सांगितला. हाइड पार्कपर्यंत माणूसच माणूस. पोलिसांच्या हिशेबानं साडेसात लाख, आयोजकांच्या हिशेबानं वीस लाखांपर्यंत. पाच आठवडेही झाले नाहीत, 20 मार्चला इराकवर हल्ला झालाच. "तेल आणि कंत्राटं," आजोबा म्हणाले. मला सौदीची तेल कंपनी अरामको आठवली, आमच्या रिफायनरीत भागीदार व्हायला निघालेली. हीच रिफायनरी आधी नाणारला होणार होती, ती आम्ही 2019 ला रद्द करून घेतली, हे जिभेवर आलं होतं. गिळलं. नाणार गेलं आणि बारसू आलं, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

बारसूला मी नव्हते. रजा नव्हती, व्हिसाचे कागद अडकले होते, आणि एकटीच्या जाण्यानं काय फरक पडला असता? काकीनं कधी विचारलं नाही. मीच दरवेळी सांगते.

जाकीट मोजून परत दिलं, सही केली. काकीला ते पटलं नाही. "एखादं ठेवून घ्यायचंस. रात्री सड्यावर लांबून दिसलं असतं."