माकडतापावर तीन विभागांचं एक व्याख्यान : माझा अनुभव

बेळगावात विज्ञानाच्या व्याख्यानांना तोटा नाही. २८ फेब्रुवारी जवळ आला की जवळपास प्रत्येक कॉलेजात कुणीतरी पाहुणा येऊन बोलून जातो. पण प्राणीशास्त्राचा पाहुणा प्राणीशास्त्राच्याच पोरांपुढे बोलतो, पलीकडच्या वर्गातल्या सांख्यिकीवाल्यांना त्याचा पत्ताही नसतो. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी ठरवलं, निदान एक व्याख्यान तरी असं करायचं की ज्यात एका विभागाचं दुसऱ्यावाचून अडेल. विषय शोधावा लागला नाही. माकडताप, म्हणजे जंगलातल्या गोचिडांच्या चाव्यातून होणारा विषाणूचा ताप.

मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीकडची. काजूच्या हंगामात आमच्या भागातली माणसं गोव्यात बागांवर कामाला जातात. २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यात हा ताप आला, पुढच्या वर्षी सिंधुदुर्गात दोडामार्गकडे. गोव्याच्या काजूबागांत काम करणाऱ्या बेळगावकडच्या मजुरांनाही तो झाल्याचं तपासणीत निघालं. कानडीत याला मंगन कायिले म्हणतात. मृत्यूचं प्रमाण साधारण ३ ते ५ टक्के. एवढं सगळं दाराशी असताना आमच्या वर्गात त्याचं नावही निघत नव्हतं.

या आजाराचा इतिहास वाचला तेव्हा तर मी हरखूनच गेले. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, पाठोपाठ माणसं आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या लोकांना आधी पीतज्वराची शंका आली. विषाणू हाती लागला तो मात्र रशियाकडच्या गोचीडजन्य विषाणूंच्या नात्यातला. मग प्रश्न पडला, तो इतक्या लांब आला कसा? स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून तर नाही? ते तपासण्यासाठी १९५९ पासून सलीम अलींच्या देखरेखीखाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं, पक्ष्यांच्या पायात कडी अडकवून त्यांचा माग काढण्याचं मोठं काम सुरू झालं. विषाणू शोधणाऱ्यांना पक्ष्यांच्या जाणकाराचा दरवाजा ठोठावावा लागला. मला माझ्या विद्यापीठात हेच घडलेलं बघायचं होतं.

परवानग्यांचं फार सांगण्यासारखं नाही. प्राणीशास्त्र, सांख्यिकी आणि समाजशास्त्र, तिन्ही विभागप्रमुखांच्या सह्या एकाच अर्जावर घेतल्या. वेगवेगळे अर्ज केले असते तर प्रत्येकाला कार्यक्रम दुसऱ्याचा वाटला असता. वेळ सकाळी अकराची मागून घेतली, कारण खानापूर आणि चंदगडकडची मुलं दुपारनंतर एसटीच्या घाईत असतात. फलक मराठी, कन्नड आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत लावले.

खरं काम झालं ते आदल्या आठवड्यातल्या तालमीत. तिन्ही वक्त्यांनी एकदा एकत्र बसावं असा मी हट्टच धरला होता. सांख्यिकीच्या सरांनी कोविडच्या वेळचा आलेख आणला होता : एका रुग्णाकडून किती जणांना लागण होते, तो आकडा एकापेक्षा मोठा झाला की साथ कशी चढते. प्राणीशास्त्राच्या मॅडमनी त्यांना तिथेच थांबवलं. "सर, हा आजार माणसाकडून माणसाला होतच नाही. माणूस म्हणजे विषाणूसाठी बंद गल्ली."

सर थोडा वेळ गप्प बसले. मग वही उघडून म्हणाले, "मग मला सांगा, मोजायचं काय?"

पुढचा दीड तास माझ्या शिक्षणातला सगळ्यात चांगला तास होता असं मी मनापासून म्हणेन. मॅडमनी गोचिडाचं जीवनचक्र फळ्यावर काढलं. माणसाला चावतं ते बहुतेक वेळा गोचिडाचं अर्धवट वाढलेलं पिल्लू. ही पिल्लं कोरड्या दिवसांत, साधारण डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत, पाचोळ्यात जास्त असतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरची गोचिडं खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची होते. पूर्ण वाढलेली गोचिडं गुरांच्या अंगावर पोसतात, म्हणून जंगलात गुरं वाढली की गोचिडंही वाढतात. सरांनी तिथल्या तिथे त्यांची यादी बदलली : मेलेली माकडं, पाचोळ्यावरून पांढरं कापड ओढून त्यावर चिकटलेली गोचिडं, चरायला जाणारी गुरं. मग समाजशास्त्राच्या मॅडमनी विचारलं, "त्या दिवसांत पाचोळ्यात हात घालतं कोण?"

याचं उत्तर मी घरून आणलं. माझे मामा वर्षानुवर्षं काजूला जातात. ते म्हणाले, "पाला ओढून जागा साफ करायची, मग खाली पडलेले बोंडू गोळा करून त्यांच्या बिया पिळून वेगळ्या करायच्या. दिवसभर वाकूनच काम की." काजूचा हंगाम आणि गोचिडांच्या पिल्लांचा हंगाम एकमेकांवर पडतात, हे सभागृहात पडद्यावर महिन्यांचे दोन पट्टे एकाखाली एक लावून दाखवलं, तेव्हा मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली.

व्याख्यानाची रीत आम्ही तालमीतूनच उचलली. प्रत्येकानं पंधरा मिनिटं बोलायचं आणि शेवटी दुसऱ्या वक्त्याला एक खरा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला येत नाही असा. आपले शिक्षक एकमेकांना भर सभेत "हे मला समजावून सांगा" म्हणतात, हे मुलांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्यामुळे त्यांचीही भीड चेपली. अर्थशास्त्राच्या एका मुलानं विचारलं, हंगामी मजूर ताप अंगावर घेऊन कर्नाटकात परत आला तर त्याची नोंद कुठल्या राज्यात होते? प्रश्न इतका नेमका होता की तिन्ही वक्ते एकमेकांकडे बघायला लागले. नंतर त्यावर अर्धा तास चर्चा झाली, आणि त्यात सगळ्यात जास्त बोलली ती खानापूरची मुलं. गोव्यात कुणाच्या घरचं कोण, कुठल्या बागेत, किती दिवस राहतं, हे कुठल्याच विभागाला माहीत नव्हतं. त्यांना होतं.

असा कार्यक्रम कुणाला करायचा असेल तर पाहुण्यांचा मान, हार-तुरे नंतर बघा. आधी वक्त्यांना एका टेबलाशी बसवा आणि तिथे जे अडेल तेच व्याख्यानात येऊ द्या. पुढचा विषय ठरला आहे : भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ. तालमीची सुरुवात भौतिकशास्त्राच्या सरांनी केलीसुद्धा. वटवाघूळ स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून किडे शोधतं, म्हणून त्यांनी आवाजाचं गणित मांडलं. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे समजा ४० किलोहर्ट्झचा आवाज घेतला तर त्याची तरंगलांबी साधारण साडेआठ मिलिमीटर. आता प्राणीशास्त्राच्या मॅडमना सांगायचं आहे, हे वटवाघूळ खातं ते किडे केवढे असतात.