शिष्यवृत्तीला कोणाला बसवायचे

नवी मुंबई महानगरपालिकेच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी सव्वीस वर्षे शिकवले आणि त्यांतील बहुतेक वर्षे शिष्यवृत्ती परीक्षा ज्या इयत्तेला असेल तो वर्ग माझ्याकडेच राहिला. म्हणजे आधी चौथीचा आणि २०१६-१७ पासून पाचवीचा. आता परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीकडे नेण्याचा निर्णय झाला आहे, पण तोवर मी निवृत्त झाले होते. या सव्वीस वर्षांत ‘हुशार मूल’ या शब्दाने आम्ही शिक्षक नेमके काय म्हणत होतो, याचा विचार करायला मला शाळेबाहेर पडल्यावरच सवड मिळाली, आणि तो विचार फारसा सुखावह नाही.

सरकारी आणि महापालिकेच्या शाळांमध्ये बुद्धिमान मूल ओळखण्याची जी एक व्यवस्था खऱ्या अर्थाने रुजलेली आहे, ती म्हणजे ही शिष्यवृत्ती परीक्षा. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. ती पाचवीला होती तेव्हा दोन पेपर असत, प्रत्येकी पंचाहत्तर प्रश्न आणि १५० गुण. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरला किमान ४० टक्के गुण मिळाले की मूल पात्र ठरते, आणि गुणवत्ता यादीत आले तर शिष्यवृत्ती मिळते, जी २०२३-२४ पासून पाचवीसाठी वर्षाला ५,००० रुपये आणि आठवीसाठी ७,५०० रुपये झाली होती. आठवीच्या प्रश्नपत्रिकेत काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असत आणि दोन्ही रंगवल्याशिवाय गुण मिळत नसत, ही एक चांगली युक्ती होती, कारण तिथे घोकंपट्टी थोडी अडखळते. परीक्षा म्हणून मला तिच्याविषयी तक्रार नाही. बुद्धिमत्ता चाचणीचे कित्येक प्रश्न सुंदर असतात.

माझी तक्रार परीक्षेच्या आधी घडणाऱ्या गोष्टीविषयी आहे आणि ती प्रथम माझ्याविरुद्धच आहे. परीक्षेची आवेदनपत्रे शाळेच्या लॉगिनमधून भरायची असतात आणि ती कोणाची भरायची हे आमच्याकडे वर्गशिक्षक ठरवत असे. शाळेचा निकाल बसलेल्या मुलांवर काढला जातो. त्रेचाळीस मुले बसवून चौदा पात्र झाली तर निकाल तेहतीस टक्क्यांच्या आत येतो, आणि अठरा बसवून तीच चौदा पात्र झाली तर तो सत्त्याहत्तरच्या वर जातो. हे गणित प्रत्येक शिक्षकाला येते, त्यासाठी कोणी लेखी आदेश काढावा लागत नाही. मग जुलै महिन्यात वर्गावरून नजर फिरवून जी मुले वही नीट ठेवतात, ज्यांचे शुद्धलेखन बरे आहे, ज्यांची आई पालकसभेला येते आणि जी जादा तासाला संध्याकाळी थांबू शकतात, त्यांची नावे कागदावर उतरत. त्या कागदाला आम्ही ‘शिष्यवृत्तीची यादी’ म्हणत असू. बुद्धिमान मुलांचा शोध त्या यादीपाशी संपलेला असे. पुढच्या फेब्रुवारीतील परीक्षेने फक्त आमच्याच निवडीवर शिक्का मारायचा.

एका वर्षी त्या यादीत नसलेला एक मुलगा माझ्या वर्गात होता. त्याचे घर तुर्भ्याच्या दगडखाणींच्या बाजूला होते, घरची भाषा कानडीच्या जवळची होती, मराठी वाचताना तो जोडाक्षरांवर अडत असे आणि वर्गात त्याचे लक्ष बहुतेक वेळ फळ्याच्या वरच्या घड्याळाकडे असे, त्याबद्दल तो माझी बोलणीही खात असे. डिसेंबरमध्ये यादीतल्या मुलांना मी घड्याळावरचा नेहमीचा प्रश्न घातला, की दोन्ही काटे बारा तासांत किती वेळा एकमेकांवर येतात. यादीतल्या बहुतेकांनी बारा सांगितले. हा मागच्या बाकावरून म्हणाला, “बाई, अकरा.” मी विचारले कसे, तर तो म्हणाला की दर तासाला एकदा भेटतात हे खरे, पण अकरा ते एक या दोन तासांत मिळून एकदाच भेटतात, बरोबर बाराला. हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. ज्या घड्याळाकडे बघतो म्हणून मी त्याला रागावत होते, त्याच घड्याळाकडे बघून त्याने ते शोधले होते.

आवेदनपत्रे भरण्याची मुदत तोवर संपलेली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर त्याचे कुटुंब दुसऱ्या खाणीवर गेले आणि कोणीतरी येऊन दाखला घेऊन गेले. एवढीच ती गोष्ट आहे. तिला पुढचा भाग नाही.

शिक्षकाच्या शिफारशीवर निवड करण्याचा हा दोष केवळ आपल्याकडचा नाही, हे मला निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले. अमेरिकेत सार्वजनिक शाळांमध्ये बुद्धिमान मुलांसाठी वेगळे कार्यक्रम अनेक दशके चालत आले आहेत आणि तिथेही पुष्कळ ठिकाणी शिक्षकाने किंवा पालकाने नाव सुचवल्यावरच मुलाची चाचणी होत असे. फ्लोरिडातील ब्रॉवर्ड काउंटीने २००५ मध्ये ही पद्धत बदलली आणि दुसरीतील सर्व मुलांना, कोणाच्याही शिफारशीशिवाय, शब्दांवर न अवलंबणारी आकृत्यांची एक छोटी चाचणी द्यायला सुरुवात केली; तिच्यात वर आलेल्यांची पुढे मानसशास्त्रज्ञाकडून सविस्तर तपासणी होई. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की पात्रतेचे निकष तेच ठेवूनही गरीब घरांतील, कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक कुटुंबांतील मुलांचे निवडीतील प्रमाण लक्षणीय वाढले. ही मुले आधीही त्याच वर्गांत बसलेली होती, फक्त त्यांचे नाव कोणी घेतले नव्हते. पुढे मंदीच्या काळात पैसे नाहीत म्हणून ती सार्वत्रिक चाचणी आवरती घेतली गेली आणि वाढलेले प्रमाण पुन्हा घसरले. हे शेवटचे वाक्य मला सर्वांत बोलके वाटते, कारण आपल्याकडे अशा वेळी काय झाले असते हे सांगायला ज्योतिषी नको.

आपल्याकडे चाचण्यांची परंपरा नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. फ्रान्समधील मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीवरून व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी चाचणी तयार केली, ती बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे; पण तिची गाठ सामान्यतः पडते ती मुलाला बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र हवे असते तेव्हा. मोजपट्टीचे एक टोक आपण वापरतो आणि दुसरे गुंडाळून ठेवतो. वाशीला दिव्यांग मुलांसाठी महापालिकेचे ईटीसी केंद्र आहे, त्याचा नावलौकिक योग्यच आहे आणि माझ्या वर्गातील दोन मुलांना तिथे जे मिळाले ते मला कधीच देता आले नसते. वेगळ्या गरजेचे मूल म्हणजे काय हे या शहराला समजते, याचा तो पुरावा आहे. जे मूल वर्गाच्या पुढे गेल्यामुळे एकटे पडते, त्याचीही ती वेगळी गरजच आहे, एवढे पाऊल मात्र अजून पडलेले नाही.

भाषेचा अडसर तर आमच्या पट्ट्यात सर्वांत मोठा. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या शाळांत मराठी ही घरची भाषा नसलेली मुले मराठी माध्यमात शिकतात, आणि बुद्धिमत्ता चाचणीतील नातेसंबंधांचा प्रश्न वाचताना ‘मावसभाऊ’ आणि ‘आतेभाऊ’ यांतच ती अडकतात. तर्कापर्यंत पोहोचतच नाहीत. खाडीपुलापलीकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये सुरू केलेले. तिथले वि. गो. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी १९८०च्या दशकात मुंबई महापालिकेच्या शाळांतील वंचित घटकांतील मुलांबरोबर प्रतिभेचा शोध आणि तिचे संवर्धन असा प्रकल्पच केला होता, आणि विज्ञानाची भाषा सोपी केल्याने मुलांच्या आकलनात काय फरक पडतो, यावरही या केंद्राने काम केले होते. म्हणजे आपल्या दारापासून लोकलने तीन-चार स्थानकांवर हे ज्ञान चाळीस वर्षांपासून ठेवलेले आहे. आमच्या सेवांतर्गत प्रशिक्षणांत त्याचा उल्लेख मी एकदाही ऐकला नाही, आणि मीही कधी उठून गेले नाही.

बाकीच्या वाटा थोडक्यात सांगता येतील. नवोदय विद्यालयाच्या किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागासाठी आहेत आणि तिसरी ते पाचवी या काळात एक दिवस जरी शहरी शाळेत काढला तरी मूल शहरी धरले जाते. त्यामुळे दगडखाणीवरचे माझे मूल नियमाने शहरी, आणि त्याची स्पर्धा वाशी-नेरुळच्या मुलांशी. आठवीत आर्थिक दुर्बल घटकांसाठी एनएमएमएस परीक्षा असते, तिची वर्षाला १२,००० रुपयांची शिष्यवृत्ती बारावीपर्यंत मिळते आणि ती पुष्कळ मुलींचे शिक्षण टिकवते. तिच्याविषयी वाईट बोलणार नाही. दहावीची एनटीएस, म्हणजे राष्ट्रीय प्रतिभाशोध परीक्षा, २०२१ नंतर स्थगित आहे.

समजा, मूल सापडले. पुढे काय? आमच्याकडे त्याचे उत्तर होते: जादा तास आणि सराव प्रश्नपत्रिका. फेब्रुवारीपर्यंत साठ-सत्तर प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायच्या, निकालानंतर गुलाबपुष्प आणि फोटो, आणि सहावीत गेल्यावर तेच मूल पुन्हा पस्तीस जणांबरोबर अपूर्णांकांची तीच उजळणी करते, जी त्याला तिसरीतच समजली होती. बक्षीस मिळते, खाद्य मिळत नाही. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आणि नंतरचे ‘निपुण’ या दोन्ही मोहिमांत आमचे लक्ष मागे राहिलेल्या मुलांवर होते आणि ते असायलाच हवे होते; पण ज्याला येते त्याने तोवर काय करायचे, यावर केंद्रप्रमुखांचे उत्तर एकच असे, “त्याला बाकीच्यांना शिकवायला सांगा.” दहा वर्षांच्या मुलाकडून आपण बिनपगारी शिक्षकाचे काम घेतो आणि त्याला संधी म्हणतो.

शेवटच्या पाच-सहा वर्षांत मी शनिवारी सकाळच्या शाळेतील शेवटचा तास वेगळा ठेवला. त्यासाठी यादी नव्हती. ज्याने आठवडाभरात प्रश्नपेटीत स्वतःचा एक प्रश्न टाकला असेल, त्याने थांबायचे, एवढीच अट. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेंझुली वरच्या दोन-तीन टक्क्यांऐवजी वर्गातील पंधरा-वीस टक्के मुलांचा गट धरावा आणि त्यात ये-जा मोकळी ठेवावी असे सुचवतात. मला ते तेव्हा ठाऊक नव्हते, पण माझ्याकडे थांबणारी मुले साधारण तेवढीच भरत, आणि त्यांत यादीतली निम्मीसुद्धा नसत. एका शनिवारी मी फळ्यावर संत्र्यांची रास काढली, तळाला सहा ओळी आणि सहा रांगा, वर पाच बाय पाच, अशी टोकाला एक. मुलांनी छत्तीस, पंचवीस, सोळा करत एक्क्याण्णव हे उत्तर काढले आणि मी समाधानाने खडू खाली ठेवला. तेव्हा जिचे वडील कोपरखैरणेच्या स्टेशनबाहेर फळांची गाडी लावतात ती मुलगी म्हणाली, “एवढी नसतात, बाई. आत उलटा खोका ठेवलेला असतो.” मग त्या खोक्यामुळे किती संत्री वाचतात, याचा हिशेब करण्यात पुढचे दोन शनिवार गेले. त्या मुलीला प्रथम भाषेत एरवी जेमतेम गुण पडत.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये विशेष प्रतिभेच्या मुलांसाठी स्वतंत्र परिच्छेद आहेत. विषयवार मंडळे असावीत, शिक्षकांनी अशा मुलांना वर्गापलीकडचे काम द्यावे, बी.एड.मध्ये याचे विशेष शिक्षण असावे, असे त्यात म्हटले आहे. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी हे काम १९६२ पासून करते आहे, पण तिथे पोहोचायला आधी कोणीतरी मुलाचे बोट धरावे लागते. महापालिकेच्या शाळेत ते बोट वर्गशिक्षकाचेच असते, आणि त्या शिक्षकाच्या हाती यादी करण्यापलीकडचे कोणतेही साधन नसते.

गेल्या आठवड्यात माझ्या जागी आलेल्या शिक्षिकेचा फोन आला. यंदाच्या यादीआधी संपूर्ण वर्गाला शब्दांविना आकृत्यांची चाचणी द्यावी, असे माझे तिच्यापाशी दोन महिने टुमणे चालले होते आणि तिने ते मनावर घेतले आहे. मुख्याध्यापकांची हरकत नाही, फक्त शाळेच्या खर्चातून झेरॉक्स निघणार नाहीत. पट बावन्नचा आहे. प्रत्येकी चार पाने. मी उद्या सेक्टरमधल्या दुकानात जाऊन काढून आणते, असे तिला सांगितले आहे.