बाईंनी विचारलं, "दूध कुठं जातं?"

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि विषय शोधावा लागला नाही. लिहायचं ते बाईंवरच. विज्ञानाच्या बाई, आपल्यापैकी कोणालाच नाव सांगायची गरज नाही.

आठवीत असताना रात्री आमची उस्मानाबादी शेळी व्यायली, जुळी करडं झाली आणि मी प्रार्थना संपल्यावर शाळेत पोचलो. बाईंनी बाकावर उभं केलं नाही. फळ्यापाशी बोलावून विचारलं, "करडं किती वेळानं उभी राहिली? चीक कधी प्याली?" मग वर्गाला सांगितलं, की रोगाशी झुंजायची ताकद करडाला आईच्या पोटात मिळत नाही, ती चिकातून, म्हणजे व्यायल्यावरच्या पहिल्या दुधातून मिळते, उशीर झाला की आतडं ती घेत नाही. हे आमच्या पुस्तकात नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "आणि एरवी दूध कुठं जातं रे? धाकटीला मिळतं का?"

दूध चहाच्या हॉटेलात जायचं. धाकटी कोऱ्या चहात भाकरी कुस्करून खायची. बाई वर्गात काही बोलल्या नाहीत. रविवारी घरी आल्या, चुलीपाशी आईजवळ बसल्या. तेव्हापासून उकळलेलं वाटीभर दूध धाकटीसाठी बाजूला निघू लागलं.

पुढे परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि शिकवण्यातच रमलो. गुरांची बुळकांडी ही जीवघेणी साथ २०११ मध्ये जगातून हद्दपार झाली. तिच्याच जातकुळीचा शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हा रोग अजून कळपच्या कळप नेतो. एकदा लस टोचली की निदान तीन वर्षं निभावतात. पण कळप वाचला म्हणून घरातलं पोर बाळसं धरतंच असं नाही, हे गावोगाव पाहिलं. दूध विकलं जातं, पैसा बी-बियाण्यात जातो. शेळीचा हिशोब घरातल्या बाईकडे असेल, तर पोराच्या ताटात काहीतरी पडतं. म्हणून माझे विद्यार्थी लसीकरणाला जातात तेव्हा घरातल्या लहानग्यांचीही चौकशी करतात. ही शिस्त बाईंची आहे. माझं त्यात काही नाही.

एक गोष्ट मात्र सलते. २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं आणि २०२५ च्या सुरुवातीला त्याचा सरकारी निधी थांबला. डाळ-भातातून न मिळणारं ब-१२ जीवनसत्त्व त्या अंड्यात होतं. लोकवर्गणीतून ते देण्याची मुभा आहे. आपल्या शाळेपुरता हा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. पहिल्या वर्षाची रक्कम मी मुख्याध्यापकांकडे देतो आहे.