क्षीर तापव गं आई!

स्मरणिकेसाठी लिहून द्या असा ग्रुपवर मेसेज आला आणि पहिला विचार हाच आला की हे आपल्या मराठीच्या बाई वाचणार, तेही लाल पेन हातात घेऊन.

आठवीत मला जड शब्दांचा भारी नाद. पेपरातल्या अग्रलेखातनं शब्द उचलायचे, वहीच्या मागच्या पानावर टिपायचे आणि निबंधात कोंबायचे, अर्थ कळो न कळो. 'आमची म्हैस' या निबंधात मी लिहिलं, "तिच्या क्षीरावर आमच्या कुटुंबाचा उदरनिर्वाह चालतो." बाईंनी उभं केलं. "काय रे, घरी आईला काय म्हणतोस, क्षीर तापव?" अख्खा वर्ग खिदळला आणि दहावी होईपर्यंत मी 'क्षीऱ्या'. पण त्याच पानावर दोन शब्दांना चक्क बरोबरची खूण होती. एक 'धारोष्ण', कारण नुकत्या काढलेल्या कोमट दुधाला एवढा नेमका दुसरा शब्दच नाही. दुसरा, म्हैस डबक्यात 'स्थितप्रज्ञ' बसते तो. हा चुकून बरोबर पडला होता, बाईंना आजवर सांगितलं नाही.

हेडसरांच्या दारावर 'मुख्याध्यापक' लिहिलेलं असायचं. सावरकरांचा शब्द, सुरुवातीला तोही जडच वाटला असणार, पण आता कोण अडखळतं? उलट १९६२ साली सरकारचा पदनाम कोश, म्हणजे सरकारी पदांच्या मराठी नावांचा कोश, आला तर अत्र्यांनी त्याचा 'बदनाम कोश' केला, हे बाई फार रंगवून सांगायच्या. आणि नशीब बघा, मी चिकटलो ते सरकारी ऑफिसातच, जिथे फाईलला नस्ती म्हणतात.

मागच्या वर्षी एक आजी पत्र घेऊन आल्या. 'उपरोक्त प्रकरणी त्रुटींची पूर्तता न केल्यास प्रकरण निकाली काढण्यात येईल.' नातवाने वाचून दाखवलं होतं म्हणे. आजी एकदम खुशीत, "निकाल लागणार ना बाळा, मग पैसे कधी?" पत्र माझंच, खाली सही पण माझी. अडलं होतं काय तर पासबुकाची झेरॉक्स जोडलेली नव्हती, बस्स. तिथेच पत्राच्या पाठीमागे पेनाने लिहून दिलं, 'पासबुकाची झेरॉक्स आणा' आणि त्यांना वाचूनही दाखवलं.

"एवढंच होय? मग हे आधीच नाही का लिहायचं," म्हणाल्या आणि कनवटीचे पैसे मोजत झेरॉक्सवाल्याकडे निघाल्या.