हेड-स्टेडीचा तुटका बोल्ट: माझा अनुभव

पन्नासच्या दशकातली ब्रिटिश सिंगल सिलिंडर मोटरसायकल थरथरणारच. पण रोजच्या वापरातली थरथर अंगवळणी पडलेली असते आणि ती जरा बदलली तरी कळतं. टाकीखालून बारीक खडखड यायला लागली, एका ठरावीक वेगाला पायांना मुंग्या यायला लागल्या, तेव्हा मी टाकी उतरवली. इंजिनाचं हेड चेसीच्या वरच्या पाइपला बांधून ठेवणारी एक पट्टी असते, हेड-स्टेडी. तिच्या दोन बोल्टांपैकी एकाचं डोकं गायब होतं आणि दुसरा बोटांनी फिरत होता.

अशा वेळी हात थेट ड्रिलकडे जातो. मी आधी टॉर्च घेऊन तुटलेलं तोंड नीट पाहिलं, आणि या कामात सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, मळकट आणि त्यावर पुसट कमानी. एका कडेचा थोडा भाग मात्र खरखरीत आणि चकचकीत. म्हणजे बोल्ट एका झटक्यात तुटला नव्हता. एका कडेला चीर पडली, प्रत्येक हादऱ्याबरोबर ती आत सरकत गेली आणि शेवटी उरलेली कड सुटली. पान्याने पिळून तुटलेल्या बोल्टाचं तोंड असं नसतं, त्यावर गोल पिळवटल्याच्या खुणा असतात.

हे पाहून दोन गोष्टी कळल्या. एक, आतला तुकडा जाम नसण्याची शक्यता बरीच. जाम बोल्ट पान्याने मोडतो तेव्हा तो आटे सोडत नव्हता म्हणूनच मोडतो. थकून तुटलेल्या बोल्टावर मात्र ताणच उरलेला नसतो. दुसरी, खरा दोष या बोल्टात नव्हता. सबंध इंजिन आवरायचं काम या पट्टीचं नाहीच. ते खालचे माउंटिंग बोल्ट करतात. पट्टीने वरचा डोल थोडा थोपवायचा, एवढंच. पट्टी मार खात होती म्हणजे खाली कुठेतरी ढिलाई होती.

आधी तुकडा. टाकी आणि पेट्रोल लांब नेऊन ठेवलं, कारण पुढे गरम करायचं होतं. भोकात पेनिट्रेटिंग ऑइल सोडून गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी हॉट एअर गनने हेडचा तेवढा भाग तापवला. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, त्यामुळे भोक सैल होतं आणि तुकडा त्या मानाने कमी फुगतो. गंजाची पकडही यातच सुटते.

तुकडा पृष्ठभागापेक्षा थोडा खाली होता आणि तोंड तिरकं, म्हणजे पंच मारला तर तो घसरून कडेलाच बसणार. आणि ड्रिल एकदा मध्यापासून सरकलं की मऊ ॲल्युमिनियम खात जातं, कठीण पोलाद तसंच राहतं. त्यावर टर्नरकडून एक जुगाड करून घेतला. त्याच आट्यांचा बोल्ट लेथवर धरून त्याच्या बरोबर मध्यातून ३ मिमीचं आरपार भोक पाडलं. हा बोल्ट तुकड्याच्या वरच्या रिकाम्या आट्यांत बसवला की ड्रिलला आपोआप मध्य सापडतो. त्यातून सुरुवातीचं भोक पाडलं, गाइड काढला आणि पुढचं बिट उलट्या फिरकीचं लावलं. ते डावीकडे फिरत कापतं, त्यामुळे त्याचा जोर तुकडा सोडवायच्याच दिशेने लागतो. बिट थोडं आत गेलं, धरलं, आणि तुकडा बिटाबरोबर फिरत वर आला. ईझी-आउटला (तुटका बोल्ट काढायच्या उलट्या आट्यांच्या हत्याराला) हात लावावा लागला नाही याचा मला मनापासून आनंद झाला. ते हत्यार फार कडक आणि ठिसूळ असतं. भोकात मोडलं तर साधं ड्रिल त्यावर चालत नाही, मग विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरून काढणारा स्पार्क इरोजनवाला शोधा.

दुसरं भोक जास्त वाईट निघालं. तिथे आधी कुणीतरी ८ मिमीचा मेट्रिक बोल्ट ठोकून बसवला होता. मूळ माप ५/१६ इंची, म्हणजे ७.९४ मिमी. हातात दोन्ही सारखेच वाटतात, पहिले एक-दोन वेढे जातातही, पण आट्यांचं अंतर वेगळं. मूळ व्हिटवर्थचे इंचाला १८ आटे, मेट्रिकचे साधारण २०. पुढे पान्याने जोर लावला की कठीण पोलाद ॲल्युमिनियममध्ये आपले आटे पाडतं आणि जुने सोलून काढतं. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आपली आट्यांची पद्धत मांडली, त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६०. ५/१६ च्या अमेरिकन जाड आट्यांचेही इंचाला १८ असतात, पण कोन ६० अंशांचा, म्हणून तेही 'जवळपास' बसतात. जुन्या गाडीवर हे जवळपास फार महागात पडतं. थ्रेड गेज (आटे मोजायच्या दातेरी पट्ट्या) हातात घेतल्याशिवाय नवा बोल्ट लावू नये.

त्या भोकाला हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग, बसवलं. भोक मोठं केलं, किटमधल्या खास टॅपने आटे मारले. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, आणि मध्ये मध्ये टॅप बाहेर काढून कीस पुसायचा. मग स्टेनलेस तारेची स्प्रिंग पृष्ठभागाच्या किंचित खालपर्यंत पिरगाळून बसवली आणि तळाची शेपटी तोडून चिमट्याने बाहेर काढली. बंद भोक असेल तर आतलं तेल कापसाने टिपून घ्या. बोल्ट पिळताना अडकलेलं तेल दाबलं जाऊन ओतीव भाग तडकू शकतो.

आता खालची ढिलाई. पुढच्या माउंटिंग प्लेटच्या वॉशरभोवती तांबूस भुकटी दिसली. लोखंडावर लोखंड बारीक घासत असल्याची ती खूण. नट घट्ट लागत होते, तरीही. नट सोडल्यावर उलगडा झाला: प्लेट आणि क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या ओतीव पेटीचा) कान यांच्यात फट होती. तिथला स्पेसर कधीतरी हरवला होता आणि नट आवळून प्लेटच आत ओढली गेली होती. बोल्ट पकडतो तो दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून. इथे त्याचा सगळा जोर प्लेट वाकवण्यात जात होता. शिवाय असं ओढून बांधलं की क्रँककेसचा कानच तडकायची भीती. फीलर गेजने फट मोजली आणि तेवढ्या जाडीचे स्पेसर करून घेतले.

इथे पान्यांचाही घोळ असतो. ५/१६ बीएसएफ (ब्रिटिश बारीक आट्यांच्या) नटाची रुंदी १३.३ मिमी. १३ चा पाना जात नाही, १४ चा कोपरे गोल करतो. लागतो तो ¼ डब्ल्यू (पाव इंची व्हिटवर्थ), कारण जुन्या ब्रिटिश पान्यांवर नटाची रुंदी नसते, बोल्टाचं माप असतं, आणि डब्ल्यूच्या पान्यावर ते व्हिटवर्थ बोल्टाचं.

बांधताना सगळे बोल्ट आधी नुसते हाताने लावले, इंजिन जागेवर स्थिर होऊ दिलं, मग मागच्या आणि खालच्या प्लेटा, नंतर पुढची, आणि हेड-स्टेडी सगळ्यात शेवटी. ती आधी आवळली की इंजिन तिलाच लटकतं आणि पुन्हा तोच बोल्ट तुटतो. खाली नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) वापरले. हेडजवळ नाही, तिथल्या उष्णतेत नायलॉन टिकत नाही. तिथे मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉक, म्हणजे आटे चिकटवून ठेवणारा द्रव. लाल कधीच नाही, ते उघडायला पुन्हा चांगलं तापवावं लागतं.

पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण गार झाल्यावर टॉर्क रेंच फिरवला. पुढचे नट थोडे सरकले, बाकीचे नाहीत. पायांच्या मुंग्या गेल्या, खडखडही गेली. मागच्या एका प्लेटचं भोक मात्र इतक्या काळाच्या हादऱ्यांनी लांबट झालंय. सध्या तिथे जाड वॉशर आहे. पुढच्या वेळी इंजिन उतरेल तेव्हा ते वेल्डने भरून पुन्हा पाडून घ्यायचं आहे.