लोह नव्हतं, काजळी होती

गेल्या जानेवारीत बालरोग विभागातून आमच्या प्रयोगशाळेत एक नमुना आला. सोबतच्या फॉर्मवर लिहिलं होतं: मुलगा, वय ७, राहणार गोवंडी, वरचेवर न्यूमोनिया, एकदा थुंकीत रक्ताची रेघ, हिमोग्लोबिन ८. खाली दोनदा अधोरेखित केलेला एकच प्रश्न होता, ‘हिमोसिडेरिन आहे का?’ (मुलाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.)

मी मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट आहे. फॉर्मवरचा प्रश्न अगदी रास्त होता. फुप्फुसात आतल्या आत थोडं थोडं रक्त झिरपत राहण्याचा एक दुर्मीळ आजार मुलांमध्ये दिसतो. त्या रक्तातलं लोह तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी गिळून टाकतात आणि त्यांच्या पोटात त्याचे सोनेरी-तपकिरी कण साठतात. तेच हिमोसिडेरिन. ते सापडलं तर महिनोन्महिने स्टेरॉईड द्यावी लागतात, म्हणून खात्री हवीच. त्यासाठी दुर्बीण श्वासनलिकेतून आत घालतात, फुप्फुसाच्या एका भागात सलाईन सोडतात आणि तेच पुन्हा ओढून घेतात. त्या पाण्याबरोबर आतल्या पेशी धुऊन बाहेर येतात.

आमच्या टेक्निशियननी नमुना सेंट्रिफ्यूजमधून काढला, नळी उजेडासमोर धरली आणि मला हाक मारली. तळाचा गाळ करडा दिसत होता. “मॅडम, हे लहान मुलाचंच आहे ना? लेबल एकदा बघून घ्या.” मी लेबल पाहिलं, रजिस्टर पाहिलं, वॉर्डात फोन करून विचारलं. त्याचंच होतं.

पहिली स्लाइड जिम्सा रंगाची. मॅक्रोफेज ही मोठी, गोल, जरा फेसाळ दिसणारी पेशी, केंद्रक एका बाजूला. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, म्हणजे वायुकोशांच्या, आत फिरत राहायचं आणि धूळ, जंतू, मेलेल्या पेशी, जे सापडेल ते गिळायचं, हे तिचं काम. क्षयाचा जंतू श्वासावाटे आत गेला तर त्याची पहिली गाठ हिच्याशीच पडते. या मुलाच्या पेशी मी तेलाच्या भिंगाखाली घेतल्या. बऱ्याच पेशींत काळे कण होते. कुठे सुटे दोन-तीन ठिपके, कुठे दाणे एकमेकांना चिकटून झालेला पुंजका, आणि काही पेशी तर इतक्या भरलेल्या की केंद्रक कडेला चेपलं गेलं होतं.

रंग काळा दिसला म्हणून लगेच निष्कर्ष काढायचा नसतो. हिमोसिडेरिन दाट साठलं तर तेही गडद दिसू शकतं. म्हणून पर्ल्सचा रंग लावायचा. पोटॅशियम फेरोसायनाइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल आयत्या वेळी मिसळून स्लाइडवर घालायचं. त्या प्रकारचं लोह असेल तर लख्ख निळं उमटतं. सोबत लोह असल्याचं आधीच माहीत असलेली एक स्लाइड चालवावी लागते, नाहीतर निळं न उमटण्याला काही अर्थ उरत नाही. ती सोबतची स्लाइड छान निळी झाली. मुलाच्या स्लाइडवर गुलाबी पार्श्वभूमी आली आणि काळे ठिपके होते तसेच काळे राहिले. मी सगळी स्लाइड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. निळा ठिपका कुठेच नव्हता.

लोह नव्हतं. ती काजळी होती, म्हणजे कार्बन.

हे दृश्य मला नवीन नाही, पण मी ते बघते विड्या ओढणाऱ्या प्रौढांच्या नमुन्यांत. एमबीबीएसला असताना शवविच्छेदनात काळे ठिपके पडलेलं फुप्फुस दाखवून आम्हाला सांगितलं जायचं, “शहरात राहणाऱ्यांचं असंच असतं, पुढे चला.” आम्ही पुढे जायचो. त्या दिवशी मला पुढे जाववेना.

बालरोग विभागातल्या रजिस्ट्रारला, म्हणजे निवासी डॉक्टरला, फोन केला. लोह नाही म्हटल्यावर त्याच्या जिवात जीव आला. “म्हणजे स्टेरॉईड नकोत, थँक यू मॅडम.” मी काळ्या कणांबद्दल सांगितलं आणि घरात चूल आहे का, कोणी विडी-सिगारेट ओढतं का, ते विचारलं. तो म्हणाला, सगळं विचारून झालंय, घरात गॅस आहे, वडील ओढत नाहीत. मग जरा थांबून म्हणाला, “पण आज तर एक्यूआय ‘मध्यम’ दाखवतोय.”

एक्यूआय म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा निर्देशांक. त्यातला हा ‘मध्यम’ आपल्या डोक्यात फार पक्का बसला आहे, पण मध्यम म्हणजे निर्धोक नव्हे. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, जे थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. त्यांची वर्षभराची सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. वाढत्या वयाच्या फुप्फुसाला या दोन आकड्यांमधला फरक कळतो. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या फुप्फुसात प्रौढाच्या मानाने फारच थोडे वायुकोश असतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत ते झपाट्याने वाढतात आणि फुप्फुसाची वाढ पुढे किशोरवयापर्यंत चालू राहते. त्यात मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं, आणि त्याचं नाक गाडीच्या धुरकांड्याच्या जवळ असतं.

पॅथॉलॉजिस्ट सहसा वॉर्डात जात नाहीत. मी गेले. मुलगा खाटेवर मांडी घालून बसला होता आणि फिजिओथेरपीवाल्यांनी दिलेल्या तीन चेंडूंच्या यंत्राची नळी त्याच्या तोंडात होती. श्वास आत ओढला की एकेक चेंडू वर चढतो. दोन चढत होते. तिसरा जागचा हलायचा, थरथरायचा आणि खाली बसायचा. वॉर्डातल्या मावशी त्याला “आणखी एकदा, राजा” म्हणत होत्या आणि तो खरंच आणखी एकदा ओढत होता.

त्याच्या आईने आधी विचारलं ते रक्ताबद्दल. तो आजार नाही, हे ऐकून तिने पदराने डोळे पुसले. मग मी तिला पेशींतल्या काळ्या कणांबद्दल सांगितलं आणि घराबद्दल विचारलं. ती सांगायला लागली आणि थांबेना. “खिडकी उघडली की धुरळा, लावली की आत कोंडमारा. रात्री कोणीतरी कचरा जाळतं, त्याचा वास उशीला लागतो. समोर सिमेंट कालवायचा प्लँट, गाड्या दिवसरात्र. ते डम्पिंग पेटलं होतं ना, तेव्हा याची बहीण अंगावर पीत होती. तिलापण असाच खोकला.” गोवंडीला लागून असलेलं देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटलं तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला होता आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. मुंबईतल्या रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचराही वर्षानुवर्षं गोवंडीतच जाळला गेला. तिच्यासमोर उभं राहून हे आठवताना मला फार जड गेलं.

“हे काळं निघंल का मॅडम?” तिने विचारलं.

तिला मी जेवढं खरं होतं तेवढं सांगितलं. शरीराला कार्बन पचवता येत नाही. काही पेशी तो घेऊन श्वासनलिकेतल्या बारीक केसांच्या वाटेने वर येतात आणि खोकल्यातून, थुंकीतून बाहेर पडतात. काही तिथेच मरतात आणि त्यांच्यातले कण दुसरी पेशी गिळते. नवी काजळी आत जायची थांबली तर भार हळूहळू हलका होऊ शकतो. थांबली तर.

रजिस्ट्रारचा पुढचा प्रश्न होता, याने नक्की काय बिघडतं? इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या निरोगी मुलांवर झालेलं संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. पहिलं नाव नीता कुलकर्णी यांचं. त्यांनी मुलांच्या थुंकीतल्या मॅक्रोफेजमधला कार्बन मोजला. पेशीतला कार्बन एक चौरस मायक्रॉनने वाढला की पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा १७ टक्क्यांनी कमी आढळली. जंतू गिळण्याचं म्हणाल तर, पोट गच्च भरलेल्या माणसाच्या ताटात आणखी वाढावं तशी त्या पेशीची गत होते. प्रयोगशाळेत असे कण खाऊ घातलेल्या मॅक्रोफेज न्यूमोनियाचे जंतू कमी मारतात. परिणाम फुप्फुसापुरताही राहत नाही. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो या प्रदूषित शहरातल्या मुलांच्या रक्तात प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या नियामक टी-पेशी कमकुवत झालेल्या आढळल्या, विशेषतः दमा असलेल्यांमध्ये. लगाम सैल झाला की ॲलर्जी आणि सूज मोकाट सुटते. म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पेशी जिथे लढायचं तिथे लढत नाहीत आणि नको तिथे भडकतात.

या मुलाचा न्यूमोनिया काजळीमुळेच झाला असं मात्र मी म्हणणार नाही. एका स्लाइडवरून ते सिद्ध होत नाही, आणि त्याच्या रक्तात लोह कमी आहे त्याला जेवणही कारण आहे. शहरातल्या बहुतेक मुलांच्या पेशींत थोडा कार्बन सापडतोच. प्रश्न प्रमाणाचा आहे.

रिपोर्ट लिहिताना एका वरिष्ठांनी सुचवलं, विचारलंय तेवढंच उत्तर द्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता. कार्बनच्या प्रमाणासाठी आमच्याकडे ठरलेली मोजपट्टीच नाही. तरी मी दोन ओळी घातल्या: ‘हिमोसिडेरिन आढळले नाही. बहुसंख्य मॅक्रोफेजमध्ये कार्बनसदृश काळे कण. घरात धूम्रपान किंवा चूल नाही. राहत्या परिसरातील हवेचा विचार व्हावा.’ जे दिसलं ते कागदावर आलं नाही, तर उद्या कोणीही म्हणू शकेल की मुंबईत असं काही कधी दिसलंच नाही.

दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांच्या फुप्फुसांची मोजणी वर्षानुवर्षं लिहून ठेवली, म्हणून तर कळलं की हवा सुधारली तशी पंधराव्या वर्षी कमजोर फुप्फुस असणाऱ्या मुलांचं प्रमाण ७.९ टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. मी हे त्या आईलाही सांगितलं, आकडे न सांगता.

मुलगा अँटिबायोटिक पूर्ण करून घरी गेला, लोहाचं औषध आणि न्यूमोनियाची लस घेऊन. गेला तो त्याच घरात.

आता आमच्याकडे लहान मुलाचा असा नमुना आला की कोणी मागो न मागो, काळे कण किती पेशींत आहेत ते मोजून एका वहीत लिहितो. फॉर्मवरही एक ओळ वाढवून घेतली आहे: घर आणि शाळा कोणत्या भागात, जवळ मोठा रस्ता, डम्पिंग, प्लँट किंवा बांधकाम आहे का. मुंबईतल्या दुसऱ्या प्रयोगशाळांत काम करणारं कोणी हे वाचत असेल, तर त्यांनीही अशी वही सुरू करावी. पर्ल्स लावायला फार खर्च येत नाही. मोजायची पद्धत आपण एकच ठेवली तर गोवंडी, माहुल, बोरिवली आणि भायखळ्याच्या मुलांची स्लाइड शेजारी शेजारी ठेवून बघता येईल.